तीन तारा

डॉक्टर भदौरियांनी पडद्यावर दाखवलं:
हे वरचं हाड, हे खालचं, मधे काही नाही.
"गद्दी घिस गई, दादा. बदलना तो पड़ेगा.
तब तक तार जला देते हैं."

तार.
बत्तीस वर्षं लाइनमन होतो मी, लश्कर एक्स्चेंजला.
गुडघे त्या खांबांवरच ठेवून आलोय.
हा शब्द मला समजावून सांगावा लागला नाही.

तीन जागा. वर दोन बाजूंना दोन,
खाली आतल्या अंगाला एक.
सुई टेकवून आधी हलका करंट सोडला.
"वही दर्द?" तेच.
मग जरा जोराचा, पाऊल हलतं का बघायला.
नाही हललं.
हे बरं केलं. आम्हीही कापण्याआधी तपासायचो
जोडी कुणाची आहे ते.
एकदा तांबटने न बघता कापली,
तर हजीऱ्यापर्यंत फायर ब्रिगेड मुका.

ऐंशी अंश. नव्वद सेकंद.
एवढ्यात चहा उकळत नाही.
असं तीनदा.

दहाव्या दिवशी जिना उतरलो, सतरा पायऱ्या,
आणि खाली पोचल्यावर ध्यानात आलं
कठडा धरलाच नव्हता.
नलू वरून बघत होती, हातात निवडायची मेथी.
काही बोलली नाही.
त्या रविवारी मेळ्यात गेलो. चार तास.
भांड्यांची रांग, लोकरीची रांग, आकाशपाळण्यापर्यंत.
किती वर्षांनी ती मागे पडली
आणि मी थांबलो.

मेळ्यातल्या गजकच्या दुकानापाशी
बांदिलसेठ आठवले, दाल बाजारातले.

सत्त्याऐंशीचा जानेवारी. धुकं असं
की खांबावरून खालची माझीच सायकल दिसत नव्हती.
मुलीचं लग्न, घरात दीडशे पाहुणे,
आणि भिंडला वडील शेवटच्या घटका मोजत.
सेठ हात जोडून खांबाखाली उभे:
"आठ दिन की बात है, भैया. लाइन काट दो.
फेरे हो जाएँ, फिर जो सुनना है सुन लूँगा."

मी एक तार मोकळी केली.
मोरेनाची गजक दिली त्यांनी, पाव किलो.
घेतली.

फेरे पडले. बँड वाजला. पोरगी सासरी गेली.
नवव्या दिवशी तार जोडली
आणि मी खांबावरून उतरायच्या आत
घरात घंटी.
म्हातारा तिसऱ्या दिवशीच गेला होता.

सेठना मी चूक म्हणत नाही.
पोरीच्या लग्नाच्या फोटोत ते हसताहेत,
खरोखरचं.

माझ्याही आत हाडावर हाड घासतंय,
आत्ता, हे लिहिताना.
बातमी तयार होतेच आहे.
लाइन बंद आहे, इतकंच.

सतरा फेब्रुवारीला नवा सांधा बसणार.
"नंतर दुखणं कमी राहील ना, ह्या जाळण्यानं?"
"कुछ को रहता है. कुछ को फ़र्क़ नहीं पड़ता."
खोटं बोलले नाहीत. आवडलं.
"और तार?"
"फिर उग आएँगे. छह महीने, साल भर."

हे मात्र आमच्या खात्यात कधी झालं नाही.
कापलेली तार आपणहून
अंधारात चाचपडत
आपल्या घराकडे निघाली, असं.

काल रात्री हात ठेवला तर गुडघा गरम,
मेळ्याचं चालणं साठवून बसलेला.
मला काही कळलं नव्हतं.
जुन्या सवयीने नखाने दोनदा टकटक केलं:
हॅलो, टेस्टिंग.
हॅलो.

नलू कूस बदलत म्हणाली,
"राँग नंबर असेल. झोपा."